हरणीची खडाव

गाईच्या खुराला लोखंड लावायचं नाही, आणि का, असं विचारायचंही नाही. पाथरवाडीत पोर बोलायला लागलं की त्याला आधी हे शिकवायचे. गाईचे पाय पुजायचे, त्यांना हळदकुंकू लावायचं. हत्यार लावायचं नाही.

ही फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती, ते कुणालाच ठाऊक नाही. म्हाताऱ्यांना विचारलं तर ते आभाळाकडे बघतात. तेव्हा पाथरवाडीत माणसांपेक्षा गाई जास्त होत्या आणि घरांपेक्षा गोठे देखणे होते. गाईचा मान राहावा म्हणून थोरांनी प्रत्येक गोठ्यात काळ्या दगडाची फरशी घातली होती. त्या गार, ओल्या दगडावर गाई उन्हाळा-पावसाळा उभ्या असायच्या, शेणामुतात, आणि गावाला वाटायचं, आपण केवढी सेवा करतोय.

आणि गाई लंगडायच्या. आज ही, उद्या ती. लंगडली की सळई तापवून तिच्या पुठ्ठ्यावर डाग द्यायचे. तरी बरी झाली नाही तर तिला वाजतगाजत माळावर नेऊन भैरोबाला सोडायचे. माळावर चारा नव्हता, पाणी नव्हतं. गाय परत यायची नाही, आणि देवानं नेली म्हणून सगळे हात जोडायचे.

अशा गावात ठकू सून म्हणून आली. तिचा बाप बैलांना नाल ठोकणारा. बापाच्या हाताखाली बैलांचे पाय धरत ती वाढली होती. एका जागी बसणं तिला कधी जमलं नाही आणि गप्प बसणं तर मुळीच नाही. येताना तिनं माहेरची एक कालवड आणली, हरणी. आई मेलेलं वासरू होतं ते. ठकूनं बोटानं दूध पाजून जगवलेलं.

हरणी व्याली, दुधाला लागली, आणि एका पावसाळ्याअखेर मागचा डावा पाय उचलून धरायला लागली. दूध आटलं. बरगड्या दिसायला लागल्या. सासूनं चुलीत सळई घातली.

ठकूनं विचारलं, "आत्याबाई, खुराला लोखंड चालत नाही, मग पुठ्ठ्याला कसं चालतं?"

"विचारायचं नाही म्हणून सांगितलंय ना तुला?"

"सांगितलंय. म्हणूनच विचारतेय."

डाग दिला. हरणी आणखीच लंगडायला लागली. मग भैरोबाचे पुजारी केरोबा, गावातले सगळ्यात थोर, येऊन बघून गेले आणि म्हणाले, येत्या अवसेला सोडू. त्या दिवसापासून ठकू गोठ्यातून अंगणात जायची, अंगणातून गोठ्यात यायची. असं म्हणतात, तिच्या येरझाऱ्यांनी अंगणात पडलेली वाट पुढं कित्येक पावसाळे बुजली नाही.

अवसेच्या दुपारी सगळं गाव माळावर तयारीला गेलं. ठकूनं पेटीच्या तळातून बापाचा वाकडा चाकू काढला. हरणीचा पाय दोरानं आढ्याला टांगला आणि दोर मागं राहिलेल्या नवऱ्याच्या हातात दिला. त्यानं तो धरला, पण डोळे मिटून, म्हणजे उद्या कुणी विचारलं तर आपण काही पाहिलं नाही असं सांगता यावं.

गाईच्या खुराचे दोन भाग असतात. आतला भाग धड होता. बाहेरचा वाढून वाकडा झाला होता, आणि त्याच्या तळव्यावर काळा ठिपका होता. ठकूनं ठिपक्याभोवती हळूहळू सोलत नेलं. एका क्षणी आतला काळा पू उसळून बाहेर आला आणि गोठाभर घाण सुटली. हरणीनं एवढा मोठा सुस्कारा टाकला की, असं म्हणतात, माळावर केरोबांच्या हातातला दिवा विझला.

ठकूनं जखम निंबाच्या पाण्यानं धुतली. मग बाभळीचा ठोकळा तासून लाखेनं धड भागाखाली चिकटवला. आता गाईचा भार त्या ठोकळ्यावर आला आणि दुखरा भाग जमिनीला टेकेना. शेवटी पहार घेऊन तिनं गोठ्यातली फरशी उखडली आणि कोरड्या मातीवर पेंढा पसरला.

गाव परतलं आणि थिजून उभं राहिलं. हत्यार लागलेली गाय देवाला चालत नव्हती. केरोबांनी घराचं पाणी तोडलं, विस्तव तोडला. म्हणाले, "गाय मेली तर गोहत्या तुझ्या माथी, सूनबाई."

गाय मरत नव्हती, पण चालतही नव्हती. खूर नखासारखा वाढतो, सावकाश, आणि ठकूला सावकाश हा शब्दच माहीत नव्हता. ती उठायची, पाय बघायची, धुवायची, पेंढा बदलायची, बाहेर जायची, परत येऊन पुन्हा बघायची. आपण चुकलो का, हेही तिनं स्वतःला विचारलंच असणार. सांगणारे ते सांगत नाहीत.

मग एका सकाळी गल्लीत आवाज आला. टक. टक. टक. खडाव घातल्यासारखी हरणी गावातून चालली होती, चारही पाय टेकवत. तो आवाज घरांवरून गेला, ओढ्यावरून गेला, माळावर पोचला. असं म्हणतात, भैरोबाला सोडलेल्या गाई तो ऐकून उठल्या. कालच्या उठल्या, वर्षापूर्वीच्या उठल्या, ज्यांची हाडंही उरली नव्हती त्यासुद्धा. लंगडत, एकामागं एक, माळ उतरून ठकूच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. आणि ठकूनं पदर खोचला.

गाई बऱ्या झाल्या ते थोरांना चाललं. नियम मोडला ते चालेना. ते सगळे मिळून आले. केरोबा म्हणाले, "झालं ते झालं. भैरोबापुढं नाक घास, चुकले म्हण. गाव तुझी चूक पोटात घालेल."

ठकूच्या मांडीवर एका गाईचा पाय होता. तिनं मान वर केली नाही.

"नाही," ती म्हणाली. "चुकले असते तर घासलं असतं. तुमच्यापैकी कुणाला घासायचं असेल तर गाई इथंच आहेत."

शेवटच्या गाईचा पाय खाली येईपर्यंत थोर दारातच उभे राहिले. असं म्हणतात, त्या दिवशी पाथरवाडीत कावळासुद्धा ओरडला नाही.

आजही पाथरवाडीत गोठ्यात फरशी घालत नाहीत. वसुबारसेला आधी गाईचे पाय उचलून बघतात, वाढलेला खूर कातरतात, मगच कुंकू लावतात. पहिला पाय गावातली सगळ्यात नवी सून मांडीवर घेते. सगळ्यात म्हातारा माणूस पुढं होऊन विचारतो, "चुकले म्हणतेस का?" हल्ली थोरांचं म्हणणं पडतं की सुनेनं निदान हात जोडून उत्तर द्यावं. पण हातात चाकू असतो, हात जोडणार कसे?

ती म्हणते, "नाही."

आणि शेवटच्या गाईचा पाय खाली ठेवेपर्यंत थोरांपैकी कुणी एक शब्द बोलत नाही.