लेप वाळेपर्यंत

पत्रं माणसांच्या पायांवर पळत यायची, त्या काळातली ही गोष्ट. घाटमाथ्यावर एक छोटंसं राज्य होतं, घाटाखाली त्याचं बंदर होतं, आणि या दोघांच्या मध्ये पळणारा एक हलकारा होता. हलकारा म्हणजे टपाल पाठीवर बांधून पळत नेणारा माणूस. एक दिवस खाली, एक दिवस वर. त्याच्या हातात घुंगरं लावलेली काठी असायची. ती वाजली की वाटेवरची माणसं बाजूला व्हायची, आणि गुरंसुद्धा.

त्याची थोरली बहीण त्याच्याबरोबर वेशीजवळच्या घरात राहायची. सगळं गाव तिला आक्का म्हणायचं. घर राजाचं होतं. ज्याच्या हातात काठी, त्याने त्या घरात राहायचं. आणि काठी काही कुणाला जन्मभर मिळत नसे. दर तीन वर्षांनी दसऱ्याला बंदरापासून वेशीपर्यंत शर्यत लागायची. जो पहिला येईल, काठी त्याची आणि घरही त्याचं. आपला हलकारा तीनदा जिंकला होता. पण आता त्याची पस्तिशी उलटली होती, आणि यंदाच्या दसऱ्याला पुन्हा शर्यत होती.

आक्का चुलीपाशी बसून घुंगरं ऐकायची. ती भराभर वाजत आली की तिच्या जिवाला बरं वाटायचं, आणि ती नाचणीची पेज वाटीत काढून ठेवायची. यंदाच्या पावसाळ्यात मात्र घुंगरं रखडत वाजायला लागली.

"अरे, पळून आलास की जरा पाठ टेक," ती म्हणायची. "मीठ-गुळाचं पाणी पी. वेळेवर झोप."

"पाठ टेकून कुणी शर्यत जिंकलीय का, आक्का?" असं म्हणून तो लाकडं फोडायला जायचा, नाहीतर चावडीवर गप्पा हाणायला. आक्का नऊ वर्षं हेच सांगत होती. नऊ वर्षं तेच ते ऐकलं की कान ते घेईनासे होतात. तुमचेही होतात, उगाच मान हलवू नका!

श्रावणातल्या बाजारात एक औषधवाला आला. त्याच्या गाढवावर रंगीत बरण्या होत्या आणि आवाज तर असा खणखणीत, की चार गल्ल्यांतून ऐकू यावा. "पायांत वारा भरून देतो! पळणाऱ्यांनो, या!"

हलकारा धावतच गेला. औषधवाल्याने एक हिरवा लेप आणि एक पिवळं चूर्ण त्याच्या हातात ठेवलं.

"पण अटी आहेत हं," तो म्हणाला. "लेप पळून आल्यावर पोटऱ्यांना लावायचा. मग पाय भिंतीला वर टेकवून आडवं पडायचं आणि लेप पुरता वाळेपर्यंत उठायचं नाही. उठलात की गुण गेला! चूर्ण तांब्याभर मीठ-गुळाच्या पाण्यातूनच घ्यायचं. आणि दिवेलागणीनंतर जेवलं की लगेच झोपायचं. जागणाऱ्याला आमचं औषध लागू पडत नाही."

हलकाऱ्याने एकूण एक अट पाळली. भिंतीला पाय लावून तो असा निश्चल पडायचा, की माशी बसली तरी हलायचा नाही. आक्का पदराआड हसायची. महिन्याभरात घुंगरं पुन्हा भराभर वाजायला लागली.

मग काय विचारता! हलकारा बाजारात गेला. मागच्या शर्यतीत राजाने दिलेलं चांदीचं कडं त्याने मनगटातून काढलं आणि औषधवाल्याच्या हातात घातलं. भर बाजारात हात जोडून तो म्हणाला, "तुमच्यामुळे माझे पाय मला परत मिळाले. तुमचे उपकार मी कसे फेडू?"

आक्का भाजीची टोपली घेऊन मागेच उभी होती. ती तशीच वळली. घरी आली आणि नेहमीसारखी त्याला पेज वाढली. पण त्या दिवशी तिला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं.

भाद्रपदात औषधवाला नवा माल घेऊन आला. "आता कसली अट नाही! हा लेप लावला की लगेच वाळतो, आडवं पडायला नको. हे चूर्ण नुसतं जिभेवर टाका, पाणी नको. झोपेचीही कटकट नाही!"

हलकाऱ्याला आनंद झाला. वेळ वाचला! तो पुन्हा चावडीवर जाऊन बसायला लागला.

पंधरा दिवस कसेबसे गेले. सोळाव्या दिवशी घाटातल्या तिसऱ्या वळणावर त्याच्या पोटऱ्यांत गोळे आले, घसा कोरडा पडला, आणि तो मटकन खाली बसला. टपाल वेशीत पोचलं तेव्हा दिवे लागले होते. दरबारातून निरोप आला, "पुन्हा असं झालं तर शर्यतीची वाट न बघता काठी ठेवून दे."

हलकारा उंबऱ्यावर बसला. "आक्का, घर जाणार आपलं," तो म्हणाला आणि त्याला रडू आलं. "चूर्ण दुप्पट घेतो. उद्याच आणतो."

"तू बस इथे," आक्का म्हणाली. ती पेज ढवळत होती. तशीच हातात पळी घेऊन ती तरातरा बाजारात, औषधवाल्याच्या मुक्कामी गेली.

"काय रे बाबा," तिने औषधवाल्याला विचारलं, "त्या पहिल्या लेपात काय होतं?"

औषधवाल्याने पळीकडे बघितलं, मग आक्काकडे बघितलं. खोटं बोलायची काही त्याची छाती झाली नाही.

"नदीकाठची माती आणि कडुनिंबाचा पाला, आक्का. चूर्णात हळद आणि थोडी सुंठ. माझ्या वडिलांचं औषध ते. ते म्हणायचे, लोकांना नुसतं 'विश्रांती घ्या' म्हटलं तर कुणी घेत नाही. हातात बरणी दिली की बरणीसाठी घेतात. म्हणून त्यांनी अटी घातल्या."

"मग त्या काढल्यास कशाला?"

"गिऱ्हाईक कुरकुरायला लागलं," तो खाली मान घालून म्हणाला. "वाटलं, अटी काढल्या तर माल जास्त खपेल. खपलाही."

आक्का परतताना नदीवरून आली. तिच्या पदरात ओली माती होती.

"हा घे लेप," ती भावाला म्हणाली. "अटी त्याच."

"आक्का, पण ही नुसती माती आहे!"

"हो, नुसतीच माती आहे. गुण मातीचा नव्हता रे, पडून राहण्याचा होता. औषधवाल्याने स्वतःच्या तोंडाने सांगितलंय. आता पड मुकाट्याने."

तो पडला. आता मनात औषधाचा विचार नव्हता, म्हणून तो पडल्या पडल्या घरात बघत राहिला. आक्का नाचणी दळत होती. मग ती पाणी आणायला गेली. मग चूल फुंकली, राहिलेली पेज शिजवली, त्याच्या टपालाच्या पिशवीचा फाटलेला पट्टा शिवला, तांब्यात मीठ-गूळ कालवून त्याच्या उशाशी ठेवला. पोटऱ्यांवरची माती वाळून तडकली तरी तो उठला नाही.

"आक्का," तो म्हणाला, "तू कधी बसतेस गं?"

"तू बसला असतास तर दिसलं असतं," ती म्हणाली आणि हसली.

हलकाऱ्याला मात्र हसू आलं नाही. नऊ वर्षं तो या पेजेवर पळत होता, आणि कडं दुसऱ्याच्याच हातात घालून आला होता.

दसरा तीन आठवड्यांवर होता. तीन आठवडे त्याने आक्काचं सगळं ऐकलं.

शर्यतीच्या दिवशी वेशीवर ही गर्दी! राजा आला, दरबारी आले, औषधवालाही कडं घालून पुढे उभा राहिला. आक्का पेजेचं भांडं घेऊन सगळ्यांच्या मागे होती. तिला पुढचं काही दिसत नव्हतं, पण दिसायची गरजही नव्हती. शर्यत संपेपर्यंत काठी जुन्या हलकाऱ्याच्याच हातात असायची, आणि शेवटच्या वळणामागून तिची घुंगरं ऐकू आली. पहिल्या वर्षी वाजायची तशीच भराभर. आक्काचा जीव भांड्यात पडला.

हलकारा पहिला आला. त्याच्या मागोमाग, अगदी वीस पावलांवर, एक विशीतला जवान होता.

राजाने काठी पुन्हा हलकाऱ्याच्याच हातात दिली आणि विचारलं, "शाब्बास! या वयात हे बळ? कुणाचं औषध घेतोस?"

औषधवाल्याने छाती पुढे काढली. हलकाऱ्याने त्याला मनापासून नमस्कार केला. "महाराज, यांच्या वडिलांचे माझ्यावर उपकार आहेत. त्यांच्या अटींनी मला आडवं पडायला शिकवलं. पण औषध माझ्या घरातच होतं. नऊ वर्षं रोज माझ्यासमोर वाढलं जात होतं. मी ते खाल्लं आणि आभार मानायला बाजारात गेलो."

तो गर्दीतून वाट काढत मागे गेला आणि काठी आक्काच्या पायांशी ठेवून तिच्या पाया पडला. "आक्का, माझं चुकलं. हे पाय तुझे आहेत."

औषधवालाही मागोमाग आला. त्याने हातातलं कडं काढलं आणि आक्काच्या हातावर ठेवलं. "उद्यापासून अटी पुन्हा सांगेन," तो हळूच म्हणाला.

आक्काच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने ते पदराने पुसलं, भावाच्या पायांकडे बघितलं आणि म्हणाली, "पुरे झालं भाषण. पोटऱ्या थरथरतायत तुझ्या. आधी आडवा हो!"

आणि राजाच्या देखत, साऱ्या गावासमोर, हलकारा वेशीच्या भिंतीला पाय लावून आडवा झाला. आज त्याच्या पायांना कुणी लेप लावला नव्हता.

तात्पर्य काय घ्यायचं? बरणीचे आभार जरूर मानावेत. पण त्याआधी आपल्याला खाऊ घालणाऱ्या, पाणी देणाऱ्या आणि वेळेवर निजवणाऱ्या माणसाचे मानावेत, कारण बऱ्याचदा खरा गुण त्याच हातांचा असतो.