कानातला कापूस

एकदा एका मराठी क्रीडावाहिनीला गोल्फच्या मोठ्या स्पर्धेचे थेट प्रक्षेपण मिळाले, आणि ते मिळाल्यावर तिच्या प्रमुखाच्या ध्यानात आले की हा खेळ मराठीतून सांगणारा माणूस आपल्याकडे नाहीच. क्रिकेट सांगणारे पैशाला पासरी होते. कबड्डीसाठी तर नुसती हाक मारायचा अवकाश, दारात रांग लागली असती. पण गोल्फ म्हणजे चार-चार तास हिरवळीवरून चालणारी माणसे आणि मधूनच एक टोला. त्यावर बोलायचे काय आणि किती, हे कोणालाच धड सांगता येईना.

तेव्हा प्रमुख एका वृद्ध समालोचकाकडे गेला. सगळे त्यांना मास्तर म्हणत. रेडिओच्या काळात मास्तरांनी कुस्त्या आणि हॉकीचे सामने असे सांगितले होते की ऐकणाऱ्याला आपण आखाड्याच्या कडेलाच बसलो आहोत असे वाटे. आता वयाची ऐंशी उलटली होती, पत्नी जाऊनही बरीच वर्षे झाली होती, पण त्यांच्या शब्दाचे वजन कायम होते. प्रमुख म्हणाला, "मास्तर, निवेदक तुम्हीच निवडा. तुम्ही बोट दाखवाल तो आमचा."

मास्तरांनी मान डोलावली. शेजारी बसलेला निशिकांत खुर्चीत सावरून बसला.

हा निशिकांत मास्तरांचा शिष्य. पाटबंधारे खात्यात कारकून, वय एक्केचाळीस. चौदा वर्षे तो दर गुरुवारी संध्याकाळी न चुकता मास्तरांच्या घरी जात असे. मास्तर आरामखुर्चीत डोळे मिटून बसत. निशिकांत टीव्हीचा आवाज बंद करून समोरचा सामना त्यांना सांगे. सांगता सांगता तो तीन सेकंद थांबला, तर मास्तरांची काठी फरशीवर आपटे. "रेडिओवर गप्प बसलास की ऐकणारा आंधळा झाला," ते म्हणत. "त्याला रस्त्यात सोडून जाऊ नकोस." या गुरुवारांपायी निशिकांतने दोनदा बढती नाकारली होती, कारण बढतीबरोबर बदली येणार होती. बायको म्हणाली होती, "अहो, पण ऐकणार कोण तुमचं?" त्यावर तो फक्त हसला होता. आता उत्तर मिळणार होते. आणि आता नाही तर मग कधीच नाही, हेही त्याला पक्के ठाऊक होते.

निवडीसाठी एक दिवस ठरला. शहराबाहेरच्या गोल्फ क्लबमध्ये खेळाडूंचा सराव चालू होता. वाहिनीने शेवटच्या होलवर, म्हणजे चेंडू ज्या खळग्यात घालायचा तिथे, दोन कॅमेरे लावले, उपाहारगृहाला लागून असलेल्या काचेच्या खोलीत माइक ठेवला आणि उपाहारगृहातल्या टीव्हीवर चित्र आणि आवाज दोन्ही सोडले. प्रत्येकाला अर्धा तास बोलायचे होते. उमेदवार दोनच होते. एक निशिकांत, आणि दुसरा मुंबईहून आलेला एक देखणा निवेदक, ज्याचे दात कॅमेऱ्याला फार आवडत असत म्हणे.

ऐन वेळी मास्तरांनी तिसरे नाव घातले. क्लबमध्ये खेळाडूंच्या फटक्यांची नोंद ठेवणारी वैजयंता नावाची एक बाई होती. तिशीची, सावळी, कमी बोलणारी. तिचे वडील याच मैदानावर तीस वर्षे कॅडी होते, म्हणजे खेळाडूंच्या काठ्यांची पिशवी खांद्यावर वाहणारे आणि चेंडू कुठे पडेल ते खेळाडूच्या आधी सांगणारे. उमेदवारांना नियम समजावून देण्यासाठी तिला बोलावले होते. तिचे मोजके समजावणे ऐकून मास्तर तिला म्हणाले, "पोरी, तूही बस अर्धा तास."

"मी? मला कुठं बोलता येतं, आजोबा?"

"ते मी बघतो."

निशिकांतला मनातल्या मनात हसू आले. म्हाताऱ्या माणसाची हौस, असे तो स्वतःशी म्हणाला.

आपली पाळी येण्याआधी तो नमस्काराला गेला, आणि समोरचे दृश्य पाहून जागच्या जागी थबकला. मास्तर उपाहारगृहात बसले होते, पण टीव्हीकडे पाठ करून. आणि दोन्ही कानांत त्यांनी कापसाचे गच्च बोळे घातले होते. ज्याला आवाज निवडायचा तो कानात कापूस घालून बसला आहे, हे काय गौडबंगाल? निशिकांतने हाक मारली. मास्तरांना ऐकू आली नाही. तो वाकला तेव्हा त्यांनी डोक्यावर हात ठेवला आणि काचेच्या खोलीकडे बोट दाखवले.

खोलीत बसल्यावर काचेतून त्याला मास्तर दिसत होते. ते समोरच्या टेबलांकडे पाहत होते. तिथे क्लबचे चार-पाच माळी, दोन ड्रायव्हर आणि सुट्टीवर आलेला एक फौजी भजी खात, चहा पीत बसले होते. अर्धा तास मास्तरांनी त्या माणसांवरची नजर हलवली नाही.

पण तो अर्धा तास निशिकांतचा होता, यात शंका नाही. त्याने गवतावरचे दव सांगितले, वाऱ्याची दिशा सांगितली, खेळाडूच्या कपाळावरची आठी सांगितली. चेंडू होलपासून चार हातांवर थांबला आणि खेळाडू उकिडवा बसून उतार निरखू लागला, तेव्हा निशिकांत म्हणाला, "चार हातांचं हे अंतर, पण आज या माणसाला ते चार कोसांचं वाटत असेल." एकही क्षण रिकामा गेला नाही. बाहेर आल्यावर मुंबईच्या निवेदकाने स्वतःहून हात पुढे केला. "आमचं काही खरं नाही आता," तो म्हणाला. त्यानेही मग आपला अर्धा तास भरून काढला, विनोद केले, एका खेळाडूच्या टोपीवर पाच मिनिटे बोलला.

शेवटी वैजयंता बसली. पहिली दोन मिनिटे ती काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "हिरवळ सपाट दिसते, पण तशी नाही. चेंडू डावीकडं घसरणार." पुन्हा गप्प. खेळाडू चेंडूजवळ उभा राहिला. ती म्हणाली, "याचा अंगठा बघा." आणि त्यानंतर टोला बसेपर्यंत अवाक्षर नाही. चेंडू निघाला, डावीकडे वळला आणि होलच्या कडेवरून निसटला. "मनात शंका आली की अंगठा दाबला जातो," ती म्हणाली. अर्ध्या तासात तिची वीसेक वाक्ये झाली असतील. निशिकांतला तिची दया आली, हे इथे सांगायला हवे. तो वाईट माणूस नव्हता.

मास्तर उठले, कानातले बोळे काढले आणि प्रमुखाला म्हणाले, "ही मुलगी घ्या."

आपण चुकीचे ऐकले असे निशिकांतला वाटले. प्रमुखानेही दोनदा विचारले, "मास्तर, नक्की? निशिकांतचं तर फारच..." मास्तर म्हणाले, "नक्की." पुढे नावनिशी विचारायला प्रमुख वैजयंताकडे गेला. गुरु-शिष्य दोघेच उरले.

"मास्तर, माझं काय चुकलं?"

"काहीच नाही."

"मग? तुम्ही ऐकलंसुद्धा नाहीत. कानात कापूस घालून बसलात. चौदा वर्षांनी एवढंही नाही?"

मास्तरांनी त्याला समोरच्या बाकावर बसवले. म्हणाले, "निशिकांत, तुझी पाळी चालू असताना ती माणसं भजी खात होती. मान खाली, हात चालू. एकानेही पडद्याकडे धड पाहिलं नाही, कारण पाहायची गरजच पडली नाही. तूच सगळं पाहून त्यांच्या ताटात वाढलंस. रेडिओवर याला विद्या म्हणतात. पण इथे चित्र समोर आहे. इथे जो बोलतो त्याने पाहणाऱ्याची मान वर करायची असते, आणि मग बाजूला व्हायचं असतं. ती पोर काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही, पण तिच्या पाळीत तो फौजी खुर्चीतून उठून पडद्यापाशी गेला. एका माळ्याने बशीतला चहा बशीतच ठेवला. हा खेळ चार तासांचा असतो आणि त्यात टोले पडतात ते जेमतेम काही मिनिटं. उरलेला वेळ पाहण्याचा आहे. तो तू त्यांच्याकडून काढून घेतलास."

निशिकांत ऐकत होता. त्याला राग आला होता, पण त्याहून वाईट हे की त्याला पटत होते. काचेतून त्यानेही ती खाली झुकलेली डोकी पाहिली होती. भुकेली आहेत बिचारी, असे म्हणून त्याने ती सोडून दिली होती.

"ते ठीक," तो म्हणाला. "पण कापूस कशाला? ऐकूनही हे दिसलंच असतं तुम्हाला."

"नसतं दिसलं," मास्तर म्हणाले. "तुझा आवाज कानावर पडला असता तर मी डोळे मिटून घेतले असते आणि तुलाच निवडलं असतं. मला माझी खात्री नव्हती."

एवढ्यावर एखाद्याने गुरूंचे पाय धरले असते आणि कथा संपली असती. लोकांना अशाच कथा आवडतात. पण निशिकांत चौदा वर्षांचा हिशेब मनात घेऊन बसला होता, आणि त्याला अजून एक गोष्ट विचारायची होती.

"मग हे मला शिकवलंत कशाला?"

"मला तेच येत होतं."

"बरं. माझं हे बोलणं पडद्यावर चालणार नाही, हे तुम्हाला आज कळलं?"

बाहेर कोणीतरी सरावाचा टोला मारला, त्याचा आवाज आला. खोटे बोलायचे असते तर तेवढा वेळ पुरेसा होता. पण मास्तर आयुष्यभर डोळ्यांना दिसले तेच सांगत आले होते.

"नाही," ते म्हणाले. "सहा-सात वर्षं झाली असतील."

"सहा-सात वर्षं." निशिकांतने बोटांवर मोजले. "तेव्हा मी चौतीस-पस्तीसचा होतो, मास्तर. तेव्हा सांगितलं असतंत तर काहीतरी नवीन शिकलो असतो. दुसरी बढती तरी घेतली असती. का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तू यायचा थांबला असतास," मास्तर म्हणाले. "ही गेल्यापासून गुरुवारी दार वाजवणारं दुसरं कोण आहे मला? आणि तू बोलायला लागलास की माझाच तरुणपणचा आवाज घरात यायचा. तो मला हवा होता रे. तुला पुढे पाठवण्यापेक्षा जास्त हवा होता."

निशिकांत उठला. वाकून नमस्कार केला, कारण चौदा वर्षांची सवय कमरेत असते. मास्तरांनी विचारले, "परवा गुरुवार आहे. येशील ना?" तो "हो" म्हणाला. त्याला जायचे नव्हते आणि मास्तरांनाही ते कळले होते.

तो पुन्हा गेला नाही. स्पर्धा झाली, वैजयंताचे कौतुक झाले, आणि तिची निवड अचूक होती हे निशिकांत आजही कोणाहीपुढे कबूल करतो. सत्य कळले की मन शांत होते, असे आम्ही शिकवणारे व्याख्यानांतून सांगत असतो. त्याला सगळे कळले आहे आणि तो शांत झालेला नाही. मास्तरांचे म्हणाल, तर गुरुवारी संध्याकाळी ते अजूनही दोन कप चहा टाकतात, असे त्यांच्या शेजारची माणसे सांगतात.

शिकवणाऱ्या आपण सर्वांनी एवढे करावे: या शिष्याला आपण अजून का धरून ठेवले आहे, हे तो विचारण्याआधी स्वतःला विचारावे.