ज्याचा सुटत नाही, त्याचा दाखला

एका गावात एक भोळा मामा होता. भोळा म्हणजे सांगाल तेवढाच. पाणी आण म्हटलं तर पाणी आणायचा. कशात आण ते सांगितलं नसेल तर ओंजळीत आणायचा. नाव त्याचं केरबा. लग्न झालं नव्हतं. बहिणीच्या घरी राहायचा आणि म्हशी सांभाळायचा. म्हशींशी त्याचं छान जमायचं, कारण म्हशी सल्ले देत नाहीत.

सल्ले द्यायला घरात माणसं होती. बहीण, तिला तो आक्का म्हणायचा. तिचा नवरा बजरंगदाजी, गावच्या दूध डेअरीचा चेअरमन. दाजींचे वडील आबा. आणि भाची सानी, नववीतली. प्रत्येकाच्या हातात मोबाईल होता. केरबाच्या हातात शेण होतं.

गाव डोंगराच्या बेचक्यात. टॉवरची रेंज तिथं पोचायची नाही. नेट यायचं ते डेअरीच्या हॉलमधल्या एका पेटीतून. पेटीवर हिरवे दिवे लुकलुकायचे आणि तिच्यातून निघालेल्या वायरी घरोघर गेल्या होत्या.

सानी मोबाईलवर फार असायची, हे काही खोटं नाही. वेणी घालताना मोबाईल, जेवताना मोबाईल. एकदा तिनं अख्खी भाकरी पाण्याच्या तांब्यात बुडवून खाल्ली आणि वर म्हणाली, "आई, आमटी आळणी झालीय." चाचणीत गणितात नापास झाली तेव्हा घरच्यांच्या लक्षात आलं की आपल्याला पोरगी आहे.

दाजींनी मोबाईलमधून मान वर न काढता निकाल दिला, "दसऱ्यापर्यंत हिचा मोबाईल सुटला नाही तर शाळेतनं दाखला काढतो. घरात बसवतो. बाहेरनं कडी."

मोबाईल जास्त झाला म्हणून शाळा बंद. म्हणजे दिवसभर घरात, मोबाईलच्या शेजारी. हा शहाण्या माणसांचा विचार. या गोष्टीत मूर्ख केरबा आहे, एवढं शेवटपर्यंत लक्षात ठेवा.

सानी रडली नाही, पण ताटावरून उठली. तिला जनावरांची डॉक्टर व्हायचं होतं. हे घरात फक्त केरबाला माहीत होतं, कारण विचारलं फक्त त्यानंच होतं.

"दाजी, मी सोडवतो तिचा मोबाईल," केरबा म्हणाला.

"तू?"

"व्हय. पण नाहीच सुटला तर काय करायचं, ते परत सांगा. डोक्यात बसू दे."

"ज्याचा सुटत नाही त्याचा दाखला काढायचा आणि बाहेरनं कडी लावायची. मग कोण का असंना. लाड नाहीत."

"ज्याचा सुटत नाही त्याचा. कोण का असंना," केरबा म्हणाला. "बसलं डोक्यात."

केरबा आधी आबांकडे गेला. आबा कट्ट्यावर बसून सगळ्या गावाला फुलांचे फोटो पाठवत होते.

"आबा, सवय कशी सोडवायची?"

"तान्ह्या पोराचं अंगावरचं दूध तोडतात तशी," आबा म्हणाले. "आईनं कडुलिंबाचा पाला वाटून लावायचा. पोर तोंड लावतं, कडू लागतं, सोडतं. आणि एक ध्यानात ठेव. तोडताना जे रडतं, त्यालाच सवय. जे रडत नाही, त्याला नव्हतीच."

"बसलं डोक्यात."

केरबानं पाटीभर पाला तोडला. पाटावरवंट्यावर बारीक वाटला. सानीचा मोबाईल घेतला आणि दोन्ही बाजूंनी थापला. मागच्या बाजूला जरा जाडच.

सानीनं हिरवा गोळा हातात घेतला. "मामा, हे काय?"

"चाटून बघ. कडू लागतंय का?"

"मामा, मी मोबाईल चाटत नाही रे."

"मग एवढा वेळ त्यात तोंड घालून करतीस काय?"

आक्का धावत आली. डोक्याला हात लावला. "अरे खुळ्या, असं कडू लावून कोण सुधारतं का? जवळ बसायचं. पाठीवर हात फिरवायचा. गोड बोलून समजावून सांगायचं."

"चुकलं आक्का. आता बसलं डोक्यात."

दुसऱ्या दिवशी चंद्री म्हैस दावं तोडून शेजारच्या उसात शिरली. केरबा मागोमाग गेला. चंद्री ऊस खात होती. केरबा जवळ बसला. पाठीवर हात फिरवला.

"चंद्राक्का," तो म्हणाला, "तू शहाणी हायस. तुला सगळं कळतंय. हा ऊस आपला न्हाई बाई."

चंद्रीनं मान डोलवली आणि पुढची सरी धरली. केरबाही सरकला. दुपारपर्यंत त्यानं तिला लहानपणापासूनच्या सगळ्या गोष्टी समजावल्या. शेजारी बोंबलत आला तेव्हा ऊस संपत आला होता आणि चंद्री ढेकर देत होती. सगळं गाव बांधावर जमलं. सानीपण पळत आली होती. हसून हसून ती बांधावर बसली. मोबाईल घरी खिडकीत राहिला होता. हे कुणाच्या लक्षात आलं नाही. बाकीचे व्हिडिओ काढत होते.

दाजी शेजाऱ्याच्या शिव्या खाऊन आले आणि त्या जशाच्या तशा केरबाला दिल्या. "गोड बोलतोस व्हय? गळ्यात दावं घालायचं, ओढत आणायचं आणि गोठ्यात खुंट्याला बांधायचं. हलता कामा नये."

"चुकलं दाजी. आता बसलं डोक्यात."

संध्याकाळी सानी पलंगावर पडून मोबाईल बघत होती. केरबा दावं घेऊन आला. मोबाईलला फास घातला, ओढत ओढत अंगणातून नेला आणि गोठ्यात चंद्रीच्या शेजारच्या खुंट्याला बांधला. गाठ अशी मारली की चारी बाजूंनी दावं आणि मधून गाणं.

सानी मागोमाग गेली आणि शेणात बसून बघायला लागली. गोठ्यात डास. एक डास कानात, एक नाकात. थोड्या वेळानं ती उठून गेली.

चंद्री कुठं उठणार? चंद्री बघत राहिली.

एक बाई नाचत होती. चंद्री रवंथ थांबवून बघत होती. केरबा धार काढायला बसला तर कासेतून दूध नुसतं ओतत होतं. असा पान्हा तिनं रेडकू झालं तेव्हाही सोडला नव्हता. केरबा खूश झाला. दोन-तीन दिवस हेच चाललं. मग एकदा वीज गेली आणि मोबाईलचं चार्जिंग संपलं. बाई नाचायची थांबली. चंद्रीनं पान्हा चोरला. केरबानं पेंड दिली, नाही. रेडकू सोडलं, नाही. शेवटी तिनं लाथ मारून बादलीच पाडली.

म्हणजे आधी घरात एकीला सवय होती. आता दोघींना. त्यातली एक दूध देणारी.

जनावरांचे डॉक्टर आले. त्यांनी चंद्रीचे डोळे बघितले, कास बघितली, खुंटा बघितला. मग बराच वेळ केरबाकडे बघितलं.

"सवय लागलीय हिला," ते म्हणाले. "आता एकदम तोडू नका. थोडं थोडं कमी करा. आज जरा कमी, उद्या आणखी जरा कमी."

"बसलं डोक्यात," केरबा म्हणाला.

डॉक्टरांच्या मागं सानी उभी होती. पान्हा कुठून येतो, म्हैस चोरते म्हणजे नेमकं काय करते, एवढं सगळं तिनं विचारून घेतलं. डॉक्टर फटफटीवर बसले तरी तिचे प्रश्न चालूच. शेवटी म्हणाली, "मामा, माझा मोबाईल राहू दे चंद्रीकडं. तिचं सुटेपर्यंत."

दाजींना हे सांगायचं राहिलं. दाजी घरामागच्या परड्यात गंजीला टेकून बिडी ओढत मोबाईल बघत होते. बघता बघता बिडी कुठं टाकली हे त्यांनाच कळलं नाही. वैरणीनं पेट घेतला.

आबांनी आधी आगीचा व्हिडिओ काढला. डेअरीच्या ग्रुपवर टाकला. खाली हात जोडल्याचं चिन्ह टाकलं. मग ओरडले, "आग!"

केरबा तांब्या घेऊन धावला. वाकून गंजीवर थोडं पाणी शिंपडलं आणि मागं सरला.

"अरे ओत की," दाजी किंचाळले.

"एकदम नको दाजी. तिला सवय लागली असंल. आज जरा कमी, उद्या आणखी जरा कमी."

सानीनं आणि आक्कानं घागरी ओतल्या म्हणून गोठा वाचला. गंजी गेली. दाजींच्या मिशा एका बाजूनं गेल्या.

"खुळ्या," दाजी उरलेल्या मिशीतून म्हणाले, "असलं काही वाढायला लागलं की येतंय कुठनं ते बघायचं. मुळातच पाणी ओतायचं. घागर रिकामी होईपर्यंत ओतायचं."

"चुकलं दाजी. आता पक्कं बसलं."

दसऱ्याच्या आधीचा शनिवार आला. डेअरीच्या हॉलमध्ये दाजींनी मोठा कार्यक्रम ठेवला होता. 'मोबाईलमुक्त गाव'. तालुक्याचे साहेब मोबाईल सोडण्याची शपथ देणार होते. साहेब आले नव्हते, ते पडद्यावरून नेटनं देणार होते. गावातली सगळी शहाणी माणसं खुर्च्यांवर बसली होती. शपथ घ्यायला सगळ्यांनी उजवा हात पुढं धरला होता. डाव्या हातानं सगळे शूटिंग करत होते.

दाजींनी माईक घेतला. "सुरुवात माझ्या घरापासनं. माझी पोरगी ऐकत नाही. सोमवारी तिचा दाखला काढणार. गावानं यातनं शिकावं."

शाळा नुकतीच सुटली होती. सानी दप्तर घेऊन दारात उभी होती. तिचा चेहरा उतरला. केरबानं तो बघितला. मुदत संपत आली होती.

"सानी," त्यानं हळूच विचारलं, "मोबाईलमधलं हे सगळं येतंय कुठनं?"

सानीनं मामाकडे बघितलं. मामाच्या डोक्यावर पाण्यानं भरलेली घागर होती. मग तिनं वडिलांकडे बघितलं. आणि हॉलच्या कोपऱ्यातल्या पेटीकडे बोट केलं.

केरबा गेला. मुळातच ओतलं. घागर रिकामी होईपर्यंत ओतलं.

फट् झालं. हिरवे दिवे गेले. पडद्यावरचे साहेब तोंड उघडं ठेवून थिजले, मग तेही गेले. गावातल्या घराघरातलं नेट गेलं. हॉलमधल्या सगळ्यांनी मोबाईल हलवून बघितले. मग एकेकाचा आवाज फुटला.

"माझं लाईव्ह गेलं."

"माझी गेममधली लढाई अर्ध्यात राहिली, तोफ हाती लागली होती आता."

"अरे, आजचे माझे विठोबा पाठवायचे राहिले," आबा म्हणाले आणि त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. दाजी खुर्चीवर चढून मोबाईल छताला लावत होते आणि लहान पोरासारखे हुंदके देत होते.

केरबा बघत राहिला. आबांचा सल्ला त्याला आठवला. तोडताना जे रडतं, त्यालाच सवय.

"सानी, तू रडायलीस का?"

"न्हाई."

"तुझा मोबाईल कुठाय?"

"चंद्रीकडं. तुला म्हाईत हाय की."

केरबानं हॉलवरून परत एकदा नजर फिरवली. सगळे रडत होते. नियम सोपा होता. ज्याचा सुटत नाही त्याला बाहेरनं कडी. त्यानं सानीला बाहेर घेतलं, दार लोटलं, कडी घातली आणि थेट शाळेत गेला.

मोठ्या बाई ऑफिसात होत्या.

"बाई, दाखला पायजे."

बाईंनी सानीकडे बघून सुस्कारा सोडला. "काढतायत शेवटी. द्या अर्ज."

"हिचा न्हाई. बजरंगदाजींचा. आणि आबांचा. आणि डेअरीत बसलेत त्या सगळ्यांचा. मी पोतं आणलंय."

"कशाला?"

"मोबाईल सुटंना त्यांचा. रडायल्यात. नियम दाजींचाच हाय."

"आणि हिचा?"

"हिचा कशाला? हिचा मोबाईल म्हैस बघती."

बाईंना सगळं समजायला वेळ लागला. समजल्यावर त्यांनी टेबलावर डोकं टेकलं. बराच वेळ त्यांचे खांदे हलत होते. मग डोळे पुसून त्या डेअरीकडे निघाल्या. मागं शाळेची पोरं, पोरांमागं बायका. खिडकीच्या गजांना आतून चेअरमन लटकले होते.

"चेअरमन," बाई म्हणाल्या, "तुमचा दाखला न्यायला माणूस आलाय. देऊ का?"

पोरं खिदळली. दाजींनी एका बाजूची मिशी चावली. "बाई, दार उघडा."

"दाखल्याचं बोला आधी."

"कुणाचाच काढायचा न्हाई."

"नाव घेऊन सांगा. मोठ्यानं."

"सानीचा दाखला काढणार न्हाई," दाजी ओरडले. "ती शिकंल तेवढं शिकू दे. आता कडी काढा."

सानीनं मामाचा हात धरला. तो शेणकट हात तिनं आधी कधी एवढा घट्ट धरला नव्हता.

"केरबा," बाई म्हणाल्या, "काढ कडी. सोड त्यांना."

केरबा दाराशी गेला. थांबला. विचार केला. आगीवर ओतायचं ते एकदम. सवयीचं मात्र थोडं थोडं. इतक्या दिवसांत सगळं पहिल्यांदाच नीट डोक्यात बसलं होतं, आता चूक करून चालणार नव्हतं. त्यानं कडी काढली आणि दार चार बोटं उघडलं. मग पुढं दगड लावला.

फटीतून दाजींचा एक डोळा दिसला. "अरे खुळ्या, सगळं उघड."

"एकदम नको दाजी," केरबा फटीतून हात घालून त्यांच्या पाठीवर फिरवत गोड आवाजात म्हणाला. "आज एवढंच. उद्या आणखी जरा."