सूर धरणारा सिदबा

नदीकाठच्या एका गावात दोन वाजंत्री राहत होते. तायाप्पा सनई वाजवी. सिदबा त्याच्या मागे बसून दुसऱ्या सनईवर सूर धरी. सूर धरायचा म्हणजे एकच स्वर न थांबता फुंकत राहायचा. तायाप्पा दम घ्यायला थांबला, तरी मागे सिदबाचा स्वर चालूच असे. म्हणून त्यांचं वाजवणं कधी तुटत नसे. चाळीस वर्षं असंच चाललं होतं.

कोणाकडे लग्न ठरलं, की यजमान वाजंत्र्यांना सुपारी देई. ती दोघांनी ओंजळ एकत्र करून घ्यायची, ही या दोघांची रीत होती.

एकदा अंबादासशेठच्या मुलीचं लग्न ठरलं. शेठने तायाप्पाला एकट्यालाच बोलावून घेतलं.

"वाजवायला तू ये. त्या सिदबाला आणू नकोस."

"का शेठ? त्याचं काही चुकलं का?"

"तो वाजवतो काय रे? नुसतं हूं करत बसतो. तेवढं तर आमचा पाण्याचा बंबही करतो. शिवाय त्याचा एक डोळा गेलेला. वरपक्षाची बडी माणसं यायचीत. बरं दिसत नाही."

शेठचे नोकर हसले. तायाप्पाला ते लागलं. पण नाही म्हणावं, तर शेठ रागावेल आणि मोठ्या घरची लग्नं हातची जातील, ही भीती. आणि खरं सांगायचं, तर एकट्याने मिरवावं असंही त्याला क्षणभर वाटून गेलं. त्याने सुपारी घ्यायला एकट्याचाच हात पुढे केला.

सिदबाच्या घरी जाऊन तो त्याला म्हणाला, "लग्न साधंच आहे. एकालाच बोलावलंय."

सिदबाने फेटा धुऊन वाळत घातला होता. तो काढून त्याने घडी घालून ठेवला. म्हणाला, "बरं. जा तू. ऊन फार आहे. मधे मधे पाणी पी."

लग्नाच्या दिवशी तायाप्पा वाजवू लागला. त्याने पहिला दम घेतला, आणि त्याच्या पाठीमागे काहीच नव्हतं. भांड्यांचे आवाज तेवढे ऐकू आले. त्याला वाटलं, आता लोक विचारतील, सूर कुठे आहे? कोणीच विचारलं नाही. माणसं बोलत होती, जेवत होती. शेठने त्याची पाठ थोपटली. "बघ, काही अडलं का?"

दुसऱ्या दिवशी तो सिदबाकडे गेला. "मी खोटं बोललो रे. शेठला तू नको होतास. पण तुझ्यावाचून फार वाईट वाजलं. लोक सारखे तुला विचारत होते."

"कोणी विचारलं नाही, तायाप्पा," सिदबा हळूच म्हणाला. "मी मांडवाबाहेर गाड्यांपाशी उभा होतो. वाटलं, कोणीतरी हाक मारील. तू थांबलास की माझी छाती आपोआप भरायची. पण एकानेही मान वर केली नाही. चाळीस वर्षं मी फुंकलं, ते कोणाच्या कानावरच नव्हतं."

"माझ्या कानावर होतं रे."

"मग तू शेठला का नाही सांगितलंस?"



त्यानंतर सिदबाने सनई ओठाला लावली नाही. वर्षाच्या आत तो वारला. तायाप्पाने दुसरा सोबती शोधला, पण यजमान म्हणत, "शेठकडे एकट्यानेच वाजवलंस ना? मग आमच्याकडेही एकटाच ये." तो एकटाच जात राहिला.

आता त्या गावातल्या पोरांना वाटतं, सनई अशीच तुटत तुटत वाजते.

तात्पर्य: आपल्या मागे राहून जो आपल्याला सांभाळतो, त्याच्यासाठी बोलायचं ते वेळेवर बोलावं. वेळ गेल्यावरच्या पश्चात्तापाने ना माणूस परत येतो, ना त्याची जागा भरते.