तबकातला विडा

त्या राज्यात लढाई चालू होती की संपली होती, हे कुणालाच धड सांगता येत नव्हते. ओढ्याच्या अलीकडे साळिंदरे राहत, पलीकडे रानडुकरे. दोन्हीकडचे तरुण सीमेवर समोरासमोर उभे होते खरे. पण मारामारी केव्हाच थंडावली होती, आणि आता ते एकमेकांना कंद उकरून देत. तरी घरी जायची मुभा कुणालाच नव्हती.

भागू साळिंदरीण दरबारात खेटे घालून थकली होती. तिचा राणू सीमेवर होता.

"लढाई दिसत नाही, मग माझ्या पोराला का अडकवून ठेवलंय?" ती विचारी.

"लढाई थांबली आहे, बाई. संपलेली नाही," प्रधान घोरपड सांगे.

हा फरक भागूला कळेना. खरे तर घोरपडीलाही तो कळत नव्हता, पण एकदा धरलेला शब्द सोडणे तिच्या स्वभावात नव्हते.

रीत अशी होती : भर दरबारात तबकात विडा ठेवायचा, तो कुणी उचलला की नगारा वाजे आणि लढाई सुरू होई. तोच विडा परत तबकात ठेवला, की लढाई संपली. पण तो ठेवायचा कुठून? सेनापतींनी तो उचलला तेव्हाच खाऊन टाकला होता.

"विडा खायचा नाही, तर काय करायचं?" सेनापती म्हणाले.

मग रानडुकरांचे वकील आले आणि बरीच डोकेफोड झाली. शेवटी ठरले, की नवा विडा करायचा आणि तोच जुना समजायचा. पानाला चुना-कात लावून, सुपारी घालून, वर लवंग टोचून दोन्ही बाजूंनी तो मिळून तबकात ठेवला. लढाई संपली. भागूला रडू आवरेना.

ते तबक पुढे कुठे ठेवायचे, हे मात्र तहात कुणी घातले नव्हते. ते तिथेच राहिले.

संध्याकाळी राणू सीमेवरून थेट दरबारात आला, उन्हाने रापलेला, उपाशी. भागू धावली. तो आईच्या पाया पडला, उठला, आणि त्याला समोर तबक दिसले.

"आमच्यासाठी ठेवलाय होय?" म्हणत त्याने विडा उचलून तोंडात टाकला.

सेनापतींनी घोरपडीकडे पाहिले. घोरपडीने दाराकडे पाहिले.

"थुंक! राणू, थुंक तो!" भागू ओरडली.

बाहेर नगारा वाजू लागला. काहीच न कळून राणू आईकडे बघून हसला. त्याचे ओठ लाल झाले होते.