दिवाणसाहेबांची आकाशस्वारी

सर्कशीतली सगुणाबाई खाली टोपली बांधलेला, माणसं वर नेणारा मोठा फुगा उडवायची. कधी फुगा साथीदाराच्या हाती सोपवून आभाळातून छत्रीने उडीही मारायची. सर्कस संस्थानात आली आणि दिवाण नागोपंतांचं पित्त खवळलं. भर दरबारात ते कडाडले, "फुगा हवेने चढतो, हवेने उतरतो. त्यात या बाईचं कर्तृत्व कसलं? ही टोपलीतलं नुसतं ओझं! उद्यापासून फुगा पुरुषानेच उडवायचा."

सगुणाबाईने महाराजांना मुजरा केला. "हुकूम मान्य. पण हे ओझं केवढं आहे, ते साहेबांनी एकदा वर येऊन बघावं."

महाराज हसले. आता नाही कसं म्हणणार? नागोपंत पगडी सावरत टोपलीत चढले. फुगा देवळाच्या कळसाच्याही वर गेला, खाली नदी सुतळीएवढी दिसू लागली. सगुणाबाईने पाठीला छत्री बांधली आणि एक पाय टोपलीबाहेर टाकला.

"अहो, हे काय करताय?"

"ओझं उतरवतेय, साहेब. फुगा काय, आपोआप उतरेल. मी गेल्यावर हलका होऊन आधी जरा आणखी वर जाईल, एवढंच."

नागोपंतांनी पगडी सोडली आणि दोन्ही हातांनी छत्रीचा पट्टा गच्च धरला. "सगुणाबाई, नका हो जाऊ! मला संस्थान चालवता येतं, हे नाही येत. फुगा तुमच्याच हाती शोभतो!"

सगुणाबाईने पाय आत घेतला आणि फुगा उतरवायला दोर ओढला.

"हेच खाली जाऊन दरबारात बोला, साहेब. इथून महाराजांना ऐकू जात नाही."