भरीव कलश

"...पण केरबालाच का, बुवा?"

रंगनाथनं आपलं बोचकं पायरीवर आपटलं.

बुवा ओट्यावर दोडक्याच्या शिरा काढत बसले होते. एके काळी ते कॉलेजात गणित शिकवायचे. आता डोंगरावरच्या या लहानशा मठात शिकवायचे. इतर मठांत सकाळी भजन चालतं, इथं गणितं चालायची.

"केरबाला काय?"

"कलशाचं काम."

खालच्या गावानं देवळासाठी नवा कलश करायला घेतला होता. पितळेचा, भरीव. धातू किती लागेल याचा ओताऱ्याला अंदाज येईना, म्हणून गावकरी बुवांकडे आले. बुवांनी ते काम केरबाला दिलं. केरबा गेल्या पावसाळ्यात आलेला. रंगनाथ बुवांचा सगळ्यात जुना शिष्य.

"चकत्या करायला त्याला मीच शिकवलं," रंगनाथ म्हणाला. "भरीव वस्तूच्या मनातल्या मनात पातळ चकत्या करायच्या. एकेक चकती मोजायची. मग सगळ्यांचं संकलन केलं की आलं घनफळ. सगळं माझंच!"

"बरं झालं की मग."

"आणि तुम्ही त्याला म्हणालात, 'एवढ्या स्वच्छ चकत्या मी कुणाच्या पाहिल्या नाहीत.' सगळ्यांसमोर म्हणालात!"

"म्हणालो."

"मला कधी म्हणाला नाहीत."

बुवा दोडका सोलत राहिले...

रंगनाथ जळत होता, आडपडदा कशाला ठेवा. बुवांचं ते एक वाक्य माशाच्या काट्यासारखं त्याच्या घशात अडकलं होतं. गिळता येईना आणि काढताही येईना.

"तो राहणार असेल तर मी निघतो. आत्ता."

"केरबा कुठाय?"

"विहिरीपाशी. चिंचेखाली बसलाय."

"जेवला?"

"दीड भाकरी. ठेचा तुम्ही वाढलात. दोनदा."

"उठला कधी?"

"कोंबडा आरवायच्या आधी. चूल पेटवली आणि तिथंच बसून राहिला. तुम्हाला दिसावं म्हणून."

"आणि काल तू कुठलं गणित सोडवलंस?"

रंगनाथ बोचक्याची गाठ चाचपू लागला...

बुवांनी हात पुसले. अर्ध्या कलशाच्या आकारात कापलेला एक पुठ्ठा जवळच पडला होता. मोजायच्या आधी फिरवून बघायचं, अशी मठाची रीत होती. मठात आल्या दिवशी प्रत्येकानं आपली बांबूची काठी तासायची आणि तिला एक फट पाडायची. त्या फटीत अर्ध्या आकाराची सरळ कड खोचायची आणि काठी दोन्ही तळव्यांत धरून गरगर फिरवायची. अख्खी वस्तू डोळ्यांपुढे उभी राहते.

"काठी काढ."

रंगनाथनं बोचक्यातून काठी ओढली. पुठ्ठा खोचला आणि फिरवला.

हवेत कलश उभा राहिला.

"काय दिसतं?"

"कलश. भरीव."

बुवांनी पुठ्ठा उपसला. फटीत एक आडवी काडी अडकवली आणि पुठ्ठा काडीच्या टोकाला लावला, काठीपासून वीतभर लांब.

"आता फिरव."

"हे... हे कडं झालं."

"पुठ्ठा बदलला?"

"नाही. तोच आहे."

"घनफळ?"

"वाढलं!" इतक्या रागातही रंगनाथला उत्तर आल्याचा आनंद लपवता आला नाही. "काठीपासून जितकं लांब फिरेल, तितकं वाढेल."

"आणि मध्ये?"

रंगनाथ फिरवत राहिला...

"मध्ये काही नाही."

"देवळावर बसेल?"

"...नाही."

काठी थांबली. बुवांनी तिच्या टोकाला बोट लावलं. तिथं एक लाल दोरा गुंडाळलेला होता.

"हा दोरा कसला?"

रंगनाथची मान खाली गेली.

"ही माझी नाही. केरबाची आहे."

"काल दिवसभर शोधत होता बिचारा."

"वाकडी आहे का, ते बघायला घेतली होती."

"आहे?"

"नाही..." हा शब्द त्याच्या तोंडून मोठ्या कष्टानं निघाला. "सरळ आहे."

"तुझी कुठाय?"

रंगनाथनं आठवून पाहिलं. आल्या दिवशी तासलेली काठी. किती हौसेनं तासली होती! केरबा आल्यापासून ती हातात घेतल्याचं काही आठवेना. त्यानं कोनाड्याकडे पाहिलं, दाराआड पाहिलं. मग त्याची नजर अंगणात गेली.

ती मातीत रोवलेली होती. तिच्यावर दोडक्याचा वेल चढला होता.

"ही कुणी रोवली?"

"मी. कुणी वापरत नव्हतं."

विहिरीकडून केरबाच्या खोकण्याचा आवाज आला आणि सवयीनं रंगनाथची मान तिकडे वळली. मग त्याचं त्यालाच ओशाळं वाटलं. त्यानं वाकून बोचकं उचललं, पण पाय काही पुढे पडेनात.

"बुवा... जाऊ मी?"

बुवांनी पुढचा दोडका हातात घेतला.

"जायचं तर जा. केरबाची काठी मात्र इथं ठेवून जा."